कान न शिणवणारे छोटे बुकशेल्फ स्पीकर: निवडायचे कसे, बसवायचे कसे

दुकानात पाच मिनिटांत भुरळ पाडणारा स्पीकर घरी आठ दिवसांत नकोसा होतो, यामागं बहुतेक वेळा एकच कारण असतं. त्याचा २ ते ५ हजार हर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबलनं वर उचललेला असतो. माणसाचा कान नेमका इथंच सगळ्यात हळवा, कारण कानाच्या नळीचा स्वतःचा घुमार ३ हजार हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणून एवढीशी उचल आधी "क्लिअर" वाटते आणि तासाभरानं डोकं धरायला लावते.

उबदार आवाज म्हणजे जास्त बेस, हा एक गैरसमज. उबदारपणा १०० ते ३०० हर्ट्झमध्ये असतो. पुरुषी गळ्याचा पाया, तंबोऱ्याच्या खर्जाचा भराव आणि बायाचा (तबल्याच्या डग्ग्याचा) घुमारा हे सगळं याच पट्ट्यात येतं. ४० हर्ट्झचा दणका देणारा स्पीकरही या पट्ट्यात कोरडा असू शकतो. हा पट्टा भरलेला हवा आणि २ ते ५ हजारांचा पट्टा सपाट किंवा किंचित दबलेला हवा. मात्र मराठवाड्यातल्या घरात हे नुसतं स्पीकरवर ठरत नाही, निम्मं काम खोली करते. म्हणून आधी खोली मोजा, मग स्पीकरचं बघा.

खोली आधी

आपल्याकडची नेहमीची खोली म्हणजे खाली टाईल्स किंवा शहाबादी फरशी, वर स्लॅब, चारी बाजूंनी गिलावा केलेल्या भिंती आणि एखादं लोखंडी कपाट. मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळीमागं "झिंग" अशी शेपटी ऐकू आली, तर अशा खोलीत कोणताही स्पीकर आहे त्यापेक्षा कर्कशच वाजणार. जुन्या माळवदाच्या घरात ही शेपटी सहसा कमी असते, कारण वर सपाट स्लॅबऐवजी लाकडी तुळया आणि खाली ओबडधोबड भिंती असतात.

आता मापं घ्या. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक ठरावीक सूर अडकून घुमतो. तो काढायचा तर ३४३ ला, मीटरमधल्या अंतराच्या दुपटीनं भागायचं. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, तिथं ४७ हर्ट्झ येतात. १० फुटाला ५६. खोली १० बाय १० आणि स्लॅबही १० फुटांवर असला, की तिन्ही घुमारे ५६ वर आणि त्याच्या दुपटीला ११२ वर एकावर एक चढतात. अशा चौकोनी खोलीत साडेसहा इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा कोन) आणला तर पखवाजाची प्रत्येक थाप एकाच सुरात "धूंऽऽ" करत राहते. तिथं पाच किंवा सव्वापाच इंची वूफर बरा. तो ५५-६० हर्ट्झच्या खाली आपणहून उतरत जातो आणि खोलीचा घुमार ती कसर भरून काढतो. १२ बाय १५ किंवा त्याहून मोठ्या बैठकीत साडेसहा इंची चालतो.

कागदावर काय बघायचं

कंपनीच्या माहितीपत्रकात "५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" एवढंच लिहिलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. पुढं अधिक-उणे ३ डेसिबल लिहिलं आहे का, ते बघा. काही कंपन्या उणे ६ किंवा उणे १० डेसिबलचा आकडा छापतात, तेवढ्यानं खालचा आकडा १०-१५ हर्ट्झनं देखणा होतो.

त्यापेक्षा त्या मॉडेलचा मोजलेला आलेख शोधा. बऱ्याच मॉडेलांचे स्वतंत्रपणे मोजलेले आलेख इंटरनेटवर सापडतात. आधी उभ्या अक्षावरचं माप बघा. एका आलेखात एक घर ५ डेसिबलचं आणि दुसऱ्यात १० चं असलं, तर खडबडीत स्पीकरही गुळगुळीत दिसतो. मग "प्रेडिक्टेड इन-रूम" नावाची रेघ बघा. ती डावीकडून उजवीकडं सावकाश, एकसारखी उतरती हवी. ३ हजारांजवळ टेकाड असेल तर तो स्पीकर फरशीच्या खोलीसाठी सोडून द्या.

हे टेकाड कुठून येतं, ते कळलं की निवड सोपी होते. साडेसहा इंची वूफर २ हजार हर्ट्झच्या वर आवाज समोरच्या बाजूला एकवटून फेकायला लागतो. त्याच्याकडून काम हाती घेणारा, वरचे सूर वाजवणारा १ इंची ट्वीटर मात्र चहूकडं पसरून फेकतो. त्यामुळं समोरून मोजलेली रेघ सपाट असूनही बाजूच्या भिंतीकडं ३-४ हजार हर्ट्झ जास्त जातात आणि गिलाव्यावरून सरळ कानात परततात. पाच इंची वूफरमध्ये हा सांधा नरम असतो. ट्वीटरभोवती उथळ परातीसारखा खोलगटपणा, म्हणजे वेव्हगाईड, असेल तर आणखी बरं.

"सिल्क डोम आहे म्हणजे गोड वाजणारच" हे दुकानदाराचं आवडतं वाक्य. सिल्क डोम, म्हणजे रेशमी घुमटाचा ट्वीटर, चांगलाच, पण ती खात्री नाही. बीबीसीनं १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये वापरायला एलएस ३/५ ए हा जेमतेम फूटभर उंचीचा बंद पेटीचा स्पीकर बनवला. मऊ, मानवी गळ्यासाठी आजही त्याचं उदाहरण देतात आणि त्यातला केईएफ कंपनीचा ट्वीटर रेशमाचा नसून प्लास्टिकच्या पातळ घुमटाचा होता. कमाल क्रॉसओव्हरची, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला सूर वाटून देणाऱ्या सर्किटची, होती. वरच्या बेसला किंचित उचल होती आणि त्याची किंमतही होती, कारण एका वॅटला तो ८२-८३ डेसिबलच आवाज देई.

धातूच्या वूफरचंही असंच. ॲल्युमिनियमचा पत्रा ५-८ हजारांच्या आसपास स्वतःच्या सुरात किणकिणतो. क्रॉसओव्हर नीट असेल तर ते दाबलं जातं, स्वस्तात नसेल तर कान टोचतो. कागद, पॉलीप्रॉपिलीन आणि लाकडाच्या तंतूचे कोन इतके हट्टी नसतात. कमी पैशात घ्यायचं तर आम्ही तरी याच तिघांत राहायला सांगू.

स्थानिक बनावटीची पेटी असेल तर वूफरचे चार स्क्रू काढून आत डोकावून बघा. वूफरच्या वायरीत तांब्याच्या तारेचं वेटोळं नसेल आणि ट्वीटरला नुसता एक छोटा कपॅसिटर डकवला असेल, तर वूफरचा सगळा वरचा खडखडाट न गाळता बाहेर येणार. अशा पेटीवर "५००० वॅट पीएमपीओ" लिहिलेलं असतं. पीएमपीओ या आकड्याला काही अर्थ नाही, आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद, किती ते विचारा.

पोर्ट, म्हणजे बेससाठी पेटीला ठेवलेलं भोक, पुढं की मागं, हे ठेवायच्या जागेवर ठरतं. भिंतीतल्या देवळीत किंवा पुस्तकांच्या कप्प्यात ठेवायचा असेल तर मागचा पोर्ट नको. बंद पेटी किंवा पुढचा पोर्ट घ्या. मागच्या पोर्टाचा आधीच घरात असेल, तर पोर्टात एक जाड सुती मोजा गुंडाळून सैलसर बसवा. बेस थोडा उतरतो, पण घुमणं थांबतं.

मॉडेलांबद्दल थोडंसं

भाव सारखे बदलतात, म्हणून नुसते स्वभाव सांगतो. व्हार्फडेलची डायमंड मालिका आणि क्यू अकूस्टिक्सचे ३०२० आय ही मऊपणाकडं झुकणारी नेहमीची नावं आहेत. दालीचा ओबेरॉन १ लाकडाच्या तंतूचा कोन आणि २९ मिलिमीटरचा मऊ घुमट घेऊन येतो, आणि भिंतीला अडकवायची सोय पेटीतच आहे. एलॅकच्या डेब्यू बी ६.२ ला पोर्ट पुढं आहे, मोठ्या बैठकीत तो शोभतो. क्लिप्शचे हॉर्नवाले स्पीकर थोड्या वॅटमध्ये मोठे वाजतात आणि मैफलीचा जोश देतात, पण उघड्या फरशीच्या छोट्या खोलीत सलग दोन तास ऐकायला ते आमची शिफारस नाहीत. आत ॲम्प्लिफायर असलेल्यांत एडिफायरचा आर १२८० टी चार इंची वूफरचा आहे, टेबलावर किंवा छोट्या खोलीत पुरतो, आणि ट्रेबलचं बटण बाजूलाच आहे.

आत ॲम्प्लिफायर असलेली जोडी घ्यावी की वेगळा ॲम्प्लिफायर? टेबलासाठी पहिली. बैठकीसाठी मात्र, तालुक्याच्या गावी राहत असाल तर, वेगळीच बरी. आतला बोर्ड गेला की अख्खी जोडी पार्सलनं कंपनीकडं जाते. साधा ॲम्प्लिफायर गावातला रेडिओ-टीव्हीवालाही उघडून दुरुस्त करतो आणि तोवर स्पीकर दुसऱ्याला जोडता येतात.

ऐकून पारखणं

नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबाद आणि संभाजीनगर-जालन्याकडच्यांना पुणं ऐकून घ्यायला सोयीचं. जाताना आपलं संगीत फोनमध्ये डाऊनलोड करून न्या. दुकानाची डेमोची गाणी स्पीकर खुलवायलाच निवडलेली असतात.

सगळ्यात कठोर परीक्षक टाळ. भजनातला टाळ "किण्ण" असा उमटून विरत जायला हवा. नुसतं "चस्स चस्स" येत असेल तर वरचा पट्टा खरखरीत आहे. मग पेटी, म्हणजे हार्मोनियम, ऐका. मधल्या सप्तकात सूर भरलेला हवा, नाकातून आल्यासारखा नको. बाईचा गळा तार सप्तकात गेल्यावर आपोआप आवाज कमी करायला हात जातो का, याकडं लक्ष ठेवा. एखादं कीर्तन किंवा बातमीपत्र लावा आणि स, श, च या अक्षरांवर कान ठेवा. ती टोचायला नकोत आणि गिळलेलीही नकोत. कव्वालीत टाळ्या, ढोलक आणि पाच-सहा गळे एकदम येतात, तेव्हा सगळ्याचा एकच गोंगाट होतो की माणसं वेगवेगळी कळतात, ते बघा.

उबदारपणाचा अतिरेकही ओळखता यायला हवा. निवेदकाचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येत असेल, किंवा बाया आणि पखवाज यांत फरक कळत नसेल, तर तो स्पीकर कोंदट आहे. आठ दिवस छान वाटेल, मग कंटाळा येईल.

दोन जोड्या शेजारी ऐकताना आवाज सारखा करणं फार गरजेचं. एका वॅटला ८८ डेसिबल देणारा स्पीकर ८५ देणाऱ्याच्या शेजारी आपोआप मोठा वाजतो, आणि मोठा वाजलेला नेहमी चांगला वाटतो. फोनवरचं साउंड मीटर ॲप इतपत तुलनेला पुरतं. फरक एका डेसिबलच्या आत आणा, बोलण्याएवढ्या आवाजात ठेवा आणि एका जोडीला निदान अर्धा तास द्या. थकवा पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही.

ऐकायला जाणं शक्य नसेल तर परत करायची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच मागवा, आणि मुदत संपेपर्यंत खोकं आणि आतला थर्माकोल टाकू नका. "शंभर तास वाजवल्यावर मोकळा होईल" असं कुणी म्हणालं तर त्या नादात मुदत घालवू नका. पहिल्या काही तासांत वूफरची कड थोडी सैल होते, त्यापुढं बदलतो तो बहुतांशी आपला कान.

ॲम्प्लिफायर आणि वीज

घरातलं निवांत ऐकणं ७०-७५ डेसिबलला होतं. ८६ डेसिबलच्या जोडीला त्यासाठी सरासरी अर्धा वॅटही लागत नाही. पण पखवाजाची थाप सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर उडी घेते आणि १५ डेसिबल म्हणजे तीसपट ताकद. म्हणून खरे ३० ते ५० वॅट हाताशी हवेत. ॲम्प्लिफायर कमी पडला की लहरीचे शेंडे छाटले जातात आणि तेच कर्कश ऐकू येतं. दोष मात्र स्पीकरला दिला जातो.

छोट्या चिनी क्लास-डी डब्यांवर "५० + ५०" छापलेलं असतं, तो आकडा ४ ओहमचा आणि १० टक्के विकृतीचा असतो. ८ ओहमच्या स्पीकरला १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लावला तर गणितानंच ९ वॅटच्या वर काही निघत नाही. २४ व्होल्टला ही मर्यादा ३६ आहे. डबा तोच ठेवून २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा ॲडॉप्टर लावला की आवाजाचा ताण निघून जातो. आधी डब्यावर २४ व्होल्ट चालतात असं लिहिलंय का, ते बघा.

संध्याकाळी व्होल्टेज १७० वर उतरणाऱ्या भागात जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्प्लिफायरची ताकद जवळपास निम्मी होते. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएसवाला (मोबाईल चार्जरसारख्या इलेक्ट्रॉनिक वीजपुरवठ्याचा) घेतला तर फरक पडत नाही. लाईट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, कधी स्पीकरमधूनही घरघर येते. त्याला साईन वेव्ह इन्व्हर्टरच लागतो.

वायरीवर पैसे घालवू नका. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी दुपदरी वायर पाच मीटर ओढली तरी जाऊन-येऊन विरोध ०.१२ ओहमच्या आत राहतो. ८ ओहमपुढं तो नगण्य आहे. लाल-काळं मात्र दोन्हीकडं तपासा. एका स्पीकरचं उलटं जोडलं गेलं तर बेस गायब होतो, गायक मधोमध न उभा राहता खोलीभर पसरतो, आणि लोक स्पीकर पातळ आहे म्हणून परत करतात.

बसवणं

बाजारातले ६० ते ७० सेंटिमीटरचे स्टँड सोफ्यासाठी आहेत. आपल्याकडं बरेच जण गादीवर लोडाला टेकून ऐकतात. तेव्हा कान जमिनीपासून ७० सेंटिमीटरच्या आसपास असतो. तिथं ४५-५० सेंटिमीटरची तिवई किंवा लोखंडी स्टँड पुरे. टेप लावून मोजा, ट्वीटर कानाच्या रेषेत यायला हवा. ट्वीटर फार वर राहिला तर वूफर आणि ट्वीटरचा आवाज सांध्यावर एकमेकांना खातो आणि गळा पोकळ होतो.

भिंतीपासून किती लांब? वूफरच्या तोंडापासून भिंतीपर्यंतचं अंतर ६० सेंटिमीटर असेल तर १४३ हर्ट्झला खड्डा पडतो, कारण मागून परतलेली लहर तिथं उलटी येऊन भिडते. म्हणजे नेमका उबदारपणाच्या पट्ट्यात. छोट्या खोलीत म्हणूनच स्पीकर भिंतीपासून दोन-दोन फूट पुढं ओढायचा पुस्तकी सल्ला उलटा पडतो. पेटीमागं १०-१५ सेंटिमीटर ठेवा, खड्डा २५० च्या आसपास सरकून उथळ होतो आणि भिंत वरच्या बेसला टेकू देते. कोपऱ्यात मात्र ढकलू नका. मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तिन्ही अंतरं वेगवेगळी ठेवा, सारखी असली की तिन्ही खड्डे एकाच जागी पडतात.

दोन स्पीकर आणि तुम्ही यांचा साधारण समभुज त्रिकोण करा. तोंडं थेट कानावर रोखली तर झगझग वाढते. खांद्याबाहेर, म्हणजे कानापासून फूटभर बाजूला रोखून बघा.

मग फरशी झाका. स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी हवीच. घरातल्या कुणालातरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. बैठकीवरून आरशात ट्वीटर जिथं दिसेल तिथं जाडजूड वाकळ टांगा, भिंतीपासून चार बोटं पुढं. पातळ पडद्यानं फक्त अगदी वरचा चकाकीचा पट्टा शोषला जातो, ३ हजारांच्या टोचणीला कापसाचा थर लागतो. इतकं करून पुन्हा टाळी वाजवा.

एवढं झाल्यावरही टोचत असेल तर फोनच्या इक्वलायझरमध्ये ३ हजारांवर उणे २ डेसिबल द्या. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर स्पीकर चुकला आहे. जुनी ध्वनिमुद्रणं मुळातच तिखट असतात, त्यांच्यावरून निकाल देऊ नका.

उन्हाळ्यात वेगळाच प्रश्न येतो. कूलर सुरू झाला की त्याच्या घोंघावण्यावर मात करायला आवाज वाढवला जातो आणि चांगला स्पीकरही थकवतो. आवाज वाढवण्याऐवजी बैठक पुढं सरकवा. अंतर तीन मीटरवरून दीडवर आणलं तर थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं वाढतो. कूलरची ओली हवा पेटीवर थेट येऊ देऊ नका, पेटीचं एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) कडांनी फुगतं.

जुनी जोडी घेताना, आणि नंतर

वूफरभोवतीची कड रबराची आहे की फोमची, ते नखानं हलकेच दाबून बघा. फोम दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो, आपल्या कोरड्या उष्म्यात आधीच. मल्टीमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साडेपाच ते सातच्या दरम्यान दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर वूफरची कॉइल किंवा वायर तुटली आहे. ट्वीटर कपॅसिटरमागं असल्यानं यात कळत नाही, त्याला कान लावूनच तपासा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा, सेलचं अधिक टोक लाल टर्मिनलला. दोन्ही वूफर सारख्याच दिशेनं हलले पाहिजेत. कोन चार बोटांनी समतोल दाबताना घासल्याचा आवाज आला तर घेऊ नका.

फाल्गुनापासून मृगापर्यंत धूळ फार, साफसफाई सोडून एरवी जाळी काढून ठेवू नका. कोनवरची धूळ रंगाच्या मऊ कोरड्या कुंचल्यानं झटका, ट्वीटरला हात लावू नका. चार-आठ दिवस गावाला जाताना पोर्टात फोमचा बोळा घाला. उंदीर आत शिरून वायरी कुरतडतात आणि कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. परत आल्यावर वाजवण्याआधी बोळा काढा, नाहीतर बेस कुठं गेला म्हणून मेकॅनिकला बोलावणं होतं.